हप्ता, व्याज आणि वस्तूचे आयुष्य

शिक्षणामुळे आपली मुले कमावती होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पदवी घेतलेल्या तरुणालाही कर्जाच्या कागदावरील व्याजाचा अर्थ पुष्कळदा लागत नाही, हे आम्ही बँकेत काम करताना नित्य पाहतो. म्हणून थोडे गणित विद्यार्थी मित्रांपुढे मांडीत आहोत.

समजा, १२,००० रुपयांचा मोबाइल वर्षाच्या हप्त्यांनी घेतला. विक्रेता सांगतो, व्याज अवघे १२ टक्के. म्हणजे व्याज १,४४० रुपये आणि दरमहा हप्ता १,१२० रुपये. हिशेब सरळ दिसतो, पण मेख पुढेच आहे. दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत जाते. पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० रुपये येणे असते, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. वर्षाची सरासरी निघते ६,५०० रुपये. व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण १२,००० वरच! त्यामुळे खरा दर २१ ते २२ टक्क्यांच्या घरात जातो. याला 'फ्लॅट रेट' म्हणतात. हेच १२ टक्के घटत्या शिलकीवर आकारले, तर व्याज सुमारे ८०० रुपयेच होते.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक मुदत कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक आहे. शुल्कासह पडणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो वाचावा. हप्ते थकले तर त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे राहते आणि पुढे शिक्षणाचे किंवा घराचे कर्ज मागताना तीच आडवी येते.

दुसरा हिशेब वस्तूच्या आयुष्याचा. व्याजासह १३,४४० रुपयांना पडलेला मोबाइल दोन वर्षांत टाकला, तर महिन्याला ५६० रुपये पडले. दुरुस्त करून चार वर्षे वापरला, तर २८० रुपये. शिवाय चार वर्षांत दोनऐवजी एकच मोबाइल लागला. तेवढे तांबे, सोने, लिथियम खाणीतून काढावे लागले नाही आणि तेवढा कचराही झाला नाही. खिशाची बचत आणि निसर्गाची बचत येथे एकच होते.

हा विचार आपल्याला नवा नाही. चुल्लवग्गात राजा उदेन आनंदांना विचारतो, की मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार? ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू, असे आनंद सांगतात. मग जीर्ण चीवरांच्या चादरी, त्या विरल्या की गादीच्या खोळी, पुढे पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवण्यासाठी! काहीच वाया जात नाही.

आमची सूचना अशी, की अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवावा. प्रत्येकाने घरातील एक विजेचे बिल किंवा कर्जाचा कागद आणावा आणि तीन प्रश्न विचारावेत: वस्तूची गरज आहे का? एकूण किती पैसे जाणार? ती किती वर्षे टिकणार? आपल्या आईवडिलांनी काटकसर परिस्थितीमुळे केली. मुलांनी ती समजून-उमजून करावी.