व्यवसायबदल : निर्णयापूर्वीची तयारी

एकदा नोकरी लागली की निवृत्तीपर्यंत तीच करावयाची, ही समजूत मराठी मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांत दीर्घकाळ रुजलेली आहे. तथापि, यंत्रे बदलतात, बाजारपेठा बदलतात आणि त्यांच्याबरोबर कामाचे स्वरूपही बदलते. अशा वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीसही नव्या व्यवसायाचा विचार करावा लागतो. हा बदल परिस्थितीने लादण्यापूर्वी स्वतः विचारपूर्वक आखला, तर त्यातील धोका पुष्कळ कमी होतो.

गिरणगावाचा धडा

मुंबईतील कापड गिरण्यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. साचेखात्यात उभी हयात घालविलेल्या कामगाराच्या हाती कसब होते. परंतु ते चालविण्यासाठी लागणारा साचा गिरणीबाहेर मिळणे कठीण होते. याउलट फिटर, वायरमन, सुतार यांचे काम इतर उद्योगांतही उपयोगी पडणारे होते. एकाच यंत्राशी बांधलेले कौशल्य आणि अनेक ठिकाणी चालणारे कौशल्य यांतील हा फरक प्रत्येक नोकरदाराने ध्यानात घेण्याजोगा आहे.

याच गिरणगावात दुसरे उदाहरणही घडले. गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. स्वयंपाकाचे जे काम घरकामाचाच भाग मानले जात होते, त्याला संघटनेची व कर्जपुरवठ्याची जोड मिळताच त्याचे स्वरूप व्यवसायाचे झाले. नव्या वाटेची सुरुवात बहुधा हातातील जुन्या कसबापासूनच होते.

कौशल्याची नोंद

व्यवसाय बदलू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या पदनामाचा नव्हे, तर प्रत्यक्ष कामाचा विचार करावा. गोदामातील कारकून हा केवळ ‘कारकून’ नसतो. मालाची आवक-जावक नोंदविणे, साठ्याचा मेळ घालणे, हमाल व वाहतूकदार यांच्याकडून वेळेवर काम करून घेणे, ही त्याची कौशल्ये होत. औषधांचा घाऊक व्यापार, सहकारी भांडार, रुग्णालयाचे भांडारगृह अशा अनेक ठिकाणी त्यांची आवश्यकता असते. अशी यादी कागदावर उतरविली म्हणजे आपल्याजवळ काय आहे आणि कशाची उणीव आहे, हे दोन्ही स्पष्ट होते. त्यानंतर इच्छित व्यवसायात असलेल्या दोन-तीन व्यक्तींना भेटून कामाचे तास, मिळकत व अडचणी यांची माहिती करून घ्यावी. बाहेरून आकर्षक वाटणाऱ्या कामाची खरी ओळख अशा भेटींतूनच होते.

प्रशिक्षणाची साधने

उणीव भरून काढण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रवेशास कमाल वयोमर्यादेची अट नाही. नोकरी सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. प्रत्येक जिल्ह्यातील कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात तसेच केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर नावनोंदणी विनामूल्य होते. शासकीय सेवेकडे वळू पाहणाऱ्यांनी मात्र वयोमर्यादा आधी पाहावी. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत ती सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे असून, काही पदांसाठी वेगळी असते.

राजीनाम्यापूर्वीचा हिशेब

नवीन कामात स्थिर होण्यास काही महिने लागतातच. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांचे शुल्क आणि कर्जाचे हप्ते भागतील इतकी रक्कम बाजूस ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये. सेवेतील हक्कांचा हिशेबही करावा. कायम कामगारास उपदानाचा हक्क साधारणतः सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर प्राप्त होतो. चार वर्षे पूर्ण होताच घाईने नोकरी सोडणारा या रकमेस मुकतो. भविष्य निर्वाह निधीचे खाते मोडून पैसे खर्च करण्याऐवजी ते नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावे. २०१४ पासून लागू झालेल्या १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे हे काम सुलभ झाले आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा आवश्यक असते; खाते वर्ग केल्यास पूर्वीची सेवा तीत जोडली जाते.

आमिषांपासून सावध

नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाची निकड हेच फसविणाऱ्याचे भांडवल असते. नियुक्तिपत्रासाठी अनामत, मुलाखतीसाठी शुल्क किंवा ‘आतून’ काम करून देण्यासाठी रक्कम मागितली गेल्यास तो व्यवहार तेथेच थांबवावा. परदेशातील नोकरीसाठी मध्यस्थ असल्यास, १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत.

व्यवसायबदलाचे परिणाम संपूर्ण कुटुंबास भोगावे लागतात. म्हणून पती-पत्नींनी एकत्र बसून खर्चाचा आराखडा आखावा, किती काळ वाट पाहावयाची याची मुदत ठरवावी आणि शक्य तेथे सुटीच्या दिवशी नव्या कामाचा अनुभव घेऊन पाहावा. त्या अनुभवान्ती बदल नको असे ठरले, तरी ती तयारी वाया जात नाही. शिकलेले कसब आणि बाजूस ठेवलेली पुंजी ही चालू नोकरीतही आधारच ठरतात.