मूलपेशी आणि मेंदू

दुसरबीडसारख्या गावात एखाद्या वृद्धाचे तोंड अकस्मात वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा अडखळते. हा पक्षाघात होय. रक्तवाहिनी तुंबल्यास किंवा फुटल्यास मेंदूतील पेशी मरतात. त्यांच्या जागी नव्या सहसा येत नाहीत. अस्थिमज्जेतील मूलपेशी मात्र सतत नवे रक्त घडवितात. त्या मेंदूलाही सावरतील काय? हे पाहण्यासाठी भारतातील पाच केंद्रांत १२० रुग्णांवर प्रयोग झाला. काही रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे देण्यात आल्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उपचार निर्धोक ठरला, पण त्यापासून अधिक लाभ दिसला नाही. शास्त्रज्ञांनी शोध सोडलेला नाही. आज मात्र वेळ हेच मोठे औषध आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लक्षणे दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.