डोंगर चढताना बाटली का गळते?

आमच्या विहारातील आम्ही १९ उपासक-उपासिका २०२२ च्या जून महिन्यात लेहला धम्मसहलीसाठी गेलो होतो. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह, असा विमानाचा प्रवास, बहुतेकांचा पहिलाच. दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमा करून वर्षभरात हे साधले होते. मुक्कामी पोहोचल्यावर बॅगा उघडल्या आणि एकच गलका झाला. खोबरेल तेलाची बाटली गळून शांतिस्तूपावर वंदनेला नेसायची पांढरी पातळे तेलकट झालेली. लोणच्याचे तेल तिसऱ्याच कोणाच्या सदऱ्यावर. "झाकण नीट लावता येत नाही का?" म्हणून दोघातिघा नवरोबांनी बायकांना बोल लावला. दोष बायकांचा नव्हता, आणि खरे म्हटले तर झाकणाचाही फारसा नव्हता.

दोष होता बाटलीतल्या हवेचा. आपण समुद्रकाठी राहतो तेव्हा डोक्यावरच्या साऱ्या हवेचा भार आपल्यावर आणि आपल्या वस्तूंवर असतो. उंच जावे तसा हा भार कमी होतो. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांश उरतो. मुंबईत झाकण लावताना बाटलीत कोंडलेली हवा मात्र मुंबईच्याच दाबाची असते. बाहेरचा दाब उतरला की ती फुगू पाहते. २०० मिलीच्या बाटलीत १०० मिली तेल आणि १०० मिली हवा असेल, तर त्या हवेला लेहमध्ये १५० मिली जागा हवी असते. जादा ५० मिली कुठून आणायची? बाटली मऊ असेल तर थोडी फुगते. पण ती आडवी पडलेली असली, तर झाकणाशी तेलच असते आणि हवा ते तेल फटीतून बाहेर रेटते. महाबळेश्वरला वेफरचे पाकीट टम्म फुगते ते याच कारणाने.

विमानातही हेच घडते. विमानाच्या आत दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्या दाबाइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर जितका असतो साधारण तितका. खालच्या सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो, त्यामुळे तिथे टाकलेली बॅग जास्त गळते हा समज खरा नाही. एरवी विमान उतरले की दाब पूर्ववत होतो. लेहला तसे होत नाही, कारण उतरायचेच मुळी उंचावर असते.

उपाय घरचेच आहेत. अर्धवट भरलेली बाटली नेऊच नये. लहान बाटली घ्यावी, जवळजवळ भरावी, आणि प्लॅस्टिकची असेल तर झाकण लावण्याआधी किंचित दाबून हवा काढावी, म्हणजे तिला फुगायला जागा राहते. तोंडावर पातळ पिशवीचा तुकडा ताणून मग झाकण फिरवावे. बाटली उभी ठेवावी आणि कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत. शाईचे पेन नेणार असाल तर ते पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे न्यावे, आणि निब वर करून. बाबासाहेबांना उत्तम पेनांची आवड होती. त्यांच्यामुळे आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या खिशाला अजूनही शाईचे पेन असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तेल धुता येते. पण त्या दिवशी एक गोष्ट जिवावर बेतणारी होती. आमच्याबरोबरच्या एका मावशींना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. पहाटे निघायच्या घाईत त्यांनी इन्सुलिनच्या पेनने इंजेक्शन घेतले आणि सुई न काढताच टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवले. लेहला पाहिले तर टोपण ओले, आणि आतल्या ३ मिलीच्या नळीत हवेचा मोठा बुडबुडा. सुई लागलेली असली की ती उघडी वाटच असते. दाब बदलला की त्या वाटेने औषध बाहेर येते आणि हवा आत शिरते. मावशी नेहमीचा आकडा लावून टोचून घेणारच होत्या. सहलीतल्या परिचारिका ताईंनी हात धरला. नवी सुई लावली, पेन उभे धरून टिचकी मारत बुडबुडा वर आणला आणि दोन-दोन युनिट हवेत सोडून पाहिले. पाचव्या खेपेला टोकावर थेंब दिसला. तोवर सुईतून नुसती हवा येत होती! मावशींना वाटले असते औषध घेतले, आणि साखर चढत राहिली असती.

म्हणून घरातल्या मधुमेही माणसांना सांगावे: प्रत्येक इंजेक्शननंतर सुई काढायचीच, आणि दर वेळी आधी थेंब पाहायचा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जादा पेन जवळ असू द्यावे.

जाता जाता तरुणांच्या एका वस्तूविषयी. आमच्या नात्यातला एक मुलगा आखातातून सुटीवर आला, तेव्हा त्याच्या खिशातली ई-सिगारेट विमानात गळून सदरा चिकट झाला होता. तिच्या टाकीतही द्रवावर हवाच असते, तेव्हा कारण तेच. ती न गळता कशी आणायची, असे त्याने मला विचारले. मी सांगितले, आणूच नकोस. २०१९ च्या कायद्याने आपल्या देशात तिची आयात, वाहतूक, विक्री, साठवण सारेच बंद आहे. आयातीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या द्रवातले निकोटीन कातडीतूनही शरीरात जाते आणि लहान मुलाच्या पोटात गेले तर विषच. पाचवे शील त्याला मी ऐकवले नाही. ते त्याच्या आईने ऐकवले.

लेहहून खारदुंगला खिंडीत गेलो. साडेसतरा हजार फूट, दाब मुंबईच्या जवळजवळ निम्मा. तिथे पाणी पिऊन घट्ट बंद केलेली रिकामी बाटली लेहला उतरेपर्यंत आपोआप चेपली, ते पाहून पोरांना मोठी गंमत वाटली. परतीच्या दिवशी विमानतळावर मावशींना "सुई काढली का?" असे एकामागून एक सहा जणांनी विचारले. सातव्याला त्यांनी पर्स उघडून पेनच हातात दिले.