नाल कुठे कापला जातो? : ब्लॅकजॅकच्या टेबलाचे वाचन

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे आणखी एक नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळल्याची कथा आहे, आणि तिच्या आधारावर दिवाळीत पत्ते कुटायला धर्माचीच मोकळीक असल्यासारखे आपण वागतो. आमच्या म्हसवडला याच दिवशी सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या लग्नसोहळ्याला सुरुवात होते. सणाला गावी आलेल्या तरुण मंडळींच्या गप्पा मात्र अलीकडे गोव्यातल्या कॅसिनोच्या बोटींकडे वळतात. ‘तिथं अड्ड्यासारखा नाल कापत नाहीत, सगळं टेबलावर छापलेलं असतं,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की ते तपासून पाहावेसे वाटले.

नाल म्हणजे जिंकणाऱ्याच्या पैशातून अड्डेवाल्याने काढून घ्यायचा हिस्सा. ही प्रथा जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतो, शिवाय फाशांचे आणि जागेचे भाडेही. त्या नालात एक प्रामाणिकपणा होता : तो सर्वांसमक्ष कापला जाई आणि किती कापला ते दिसे.

हे टेबल पाहायला गोव्याला का जावे लागते, याला कायद्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. 1976 साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांसाठी वेगळा कायदा झाला. पण तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला. गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. म्हणून ही टेबले मांडवीच्या पाण्यावर तरंगतात.

अशाच एका बोटीवर मी न खेळता टेबले पाहत उभा राहिलो. टेबल अर्धवर्तुळाकार. सरळ कडेला डीलर उभा, बाकदार कडेला साधारण सात खुर्च्या. बनातीवर प्रत्येक खुर्चीसमोर पैज ठेवण्याची चौकट. डीलरसमोर चिप्सचा खण, एका बाजूला सहा-आठ कॅट मिसळून भरलेली पेटी. खेळाडू एकमेकांशी खेळत नाहीत. प्रत्येक जण एकट्या डीलरशी खेळतो.

नियम पोराला पाच मिनिटांत समजेल असा. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी 10. एक्का 1 किंवा 11. बाकी पाने जेवढ्यास तेवढी. 21 च्या जवळ जायचे, वर गेले की बाद. डीलरला मर्जी नाही : 16 पर्यंत पान घ्यायचे, 17 ला थांबायचे. हे बनातीवरच लिहिलेले असते. दोघांची बेरीज सारखी आली तर पैज परत. मग कॅसिनोचे पोट भरते कशावर?

उत्तर बनातीवर छापलेले नाही. ते खेळण्याच्या क्रमात आहे. आधी खेळाडू, शेवटी डीलर. खेळाडू 21 च्या वर गेला की त्याच्या चिप्स तत्काळ उचलल्या जातात. नंतर डीलरही बाद झाला तरी त्या परत येत नाहीत. डीलर शंभरातून सुमारे 28 वेळा बाद होतो. समजा खेळाडूही हुबेहूब डीलरसारखाच खेळला. तर दोघेही बाद होण्याचे डाव शंभरात सुमारे आठ, आणि ते आठही कॅसिनोचे. हाच तो नाल.

त्यातला काही भाग परत दिला जातो. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले तर दीडपट मिळते. तो हिशेब धरला की डीलरची नक्कल करणाऱ्याचा तोटा शेकडा साडेपाचच्या आसपास उरतो. कौटिल्याचे पाच जिंकलेल्या रकमेवर होते. हे साडेपाच लावलेल्या प्रत्येक पैजेवर आहेत. पैज दुप्पट करणे, जोडीची पाने वेगळी करणे हे अधिकार अचूक वापरले तर तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. ही अचूक रीत अमेरिकी सैन्यातल्या चार गणित्यांनी हिशेबयंत्रांवर काढून 1956 मध्ये प्रसिद्ध केली.

आता बनातीवरची अक्षरे वाचू. काही टेबलांवर 3 ला 2 असते, काहींवर 6 ला 5. हजाराच्या पैजेवर पहिल्यात 1500 मिळतात, दुसऱ्यात 1200. हा योग सुमारे 21 डावांतून एकदा येतो, म्हणून एवढ्या एका फरकाने तोटा जवळजवळ 1.4 टक्क्यांनी वाढतो. डीलरचा एक्का दिसला की ‘विमा’ विचारतात. तो 2 ला 1 देतो. तेरा प्रकारच्या पानांत दहाची चार : चार वेळा दोन मिळणार, नऊ वेळा एक जाणार. तेरात एकाचा तोटा, म्हणजे शेकडा साडेसात. नाव विम्याचे, काम पैजेचे.

बसण्याच्या जागेबद्दल एक समज ठाम आहे. डीलरच्या उजव्या हाताला बसलेला शेवटचा खेळाडू चुकीचे पान मागतो आणि सगळ्यांना बुडवतो, असे म्हणत त्याच्यावर डोळे वटारले जातात. पेटीतली पाने कुणालाच ठाऊक नसतात. त्याने उचललेले पान इतरांना जितक्यांदा नडते तितक्यांदाच तारते. खुर्चीचा खरा परिणाम वेगळाच आहे. भरलेल्या टेबलावर तासाला सुमारे 60 डाव होतात, एकट्याने बसल्यास 200 पर्यंत. दर डावाला हजार लावणाऱ्याचे भरल्या टेबलावर अर्ध्या टक्क्याने सरासरी तासाला 300 रुपये जातात. रिकाम्या टेबलावर 1000. आणि तिथेच डीलरची नक्कल केली तर 11 हजार. रिकामे टेबल पाहून ‘निवांत खेळू’ म्हणणारा सर्वांत महाग जागा निवडतो.

एखाद्या रात्री कुणी जिंकून येतो, ते खोटे नाही. सरासरी एका रात्रीत दिसत नाही. म्हणूनच जिंकल्याच्या गोष्टी गावात पोचतात आणि सरासरी पोचत नाही. टेबलावर फसवणूक नसते, फाशात शिसे नसते, नियम सर्वांना सारखे असतात. पण अड्ड्यावरचा नाल जिंकणाऱ्याकडून एकदा घेतला जातो. इथला नाल प्रत्येकाकडून, प्रत्येक डावात, तो आपले पान आधी उघडतो त्या क्षणी घेतला जातो. पाडव्याला घरच्या सतरंजीवर मांडलेल्या डावात असा तिसरा वाटेकरी नसतो. तिथले हरलेले पैसे निदान भावाच्याच खिशात जातात.