पाऊण तासाची टोस्का

संगीत नाटकातल्या पदाला ज्यांनी 'वन्स मोअर' दिला आहे, त्यांना ऑपेरा परका वाटायचं खरं तर काही कारण नाही. तरी वाटतो. ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक धिप्पाड बाई येते, ती पाच मिनिटं एकच स्वर लावून उभी असते आणि शेजारचा काचेचा पेला तडकतो. मीही तिशीपर्यंत ही थट्टा मनसोक्त केली. मग चिंचवडच्या शाखेत असताना एका खातेदाराने मला एक व्हिडिओ कॅसेट दिली.

इटलीशी आमच्या पिंपरी-चिंचवडचा संबंध जुना. १९६०च्या दशकात आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून व्हेस्पा स्कूटर बाहेर पडायच्या, त्या पियाजियो या इटालियन कंपनीच्या परवान्यावर. तो करार १९७१ साली संपला, पण कामानिमित्त तिकडे जाणारे-येणारे अभियंते राहिलेच. हे खातेदार त्यांतलेच. मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांना ठाऊक होतं. कॅसेटबरोबर त्यांनी एका कोऱ्या पे-इन स्लिपच्या मागे मराठीत कथानक लिहून दिलं होतं, आणि वर सूचना: 'भाषा कळणार नाही, तिच्याकडे बघत राहा.'

ती म्हणजे मारिया कॅलस. कॅसेट होती पुचिनीच्या 'टोस्का'च्या फक्त दुसऱ्या अंकाची. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ९ फेब्रुवारी १९६४ रोजी दूरचित्रवाणीसाठी केलेलं हे चित्रण. दिग्दर्शन फ्रँको झेफिरेलीचं. सगळं कृष्णधवल, जेमतेम पाऊण तासाचं.

गोष्ट १८०० सालच्या रोमची. टोस्का ही नामवंत गायिका. तिच्या प्रियकराने, काव्हाराडोसी या चित्रकाराने, तुरुंगातून पळालेल्या एका राजकीय कैद्याला लपवलं आहे. पोलीसप्रमुख स्कार्पिया त्याला पकडतो, शेजारच्या खोलीत त्याचा छळ मांडतो आणि त्याच्या किंकाळ्या टोस्काला ऐकवतो. कैद्याचा ठावठिकाणा तिच्या तोंडून निघतो. मग स्कार्पिया दुसरी किंमत सांगतो. प्रियकराचा जीव हवा असेल तर तू माझी हो.

स्कार्पियाच्या भूमिकेत टिटो गोबी आहे. आपल्याकडचा खलनायक आल्या आल्या मिशीला पीळ देतो. हा माणूस रात्रीचं जेवतो आहे. चवीने घास घेतो, वाइन ओततो, पाहुणीला बसायला सांगतो. आवाज चढवायची त्याला फारशी गरजच पडत नाही. नोकरीत असताना असे सुसंस्कृत, हसतमुख आणि आतून गार असलेले दोन-तीन लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे गोबीला बघताना अंगावर काटा येतो तो थोडा ओळखीचाही असतो.

टोस्का शेवटी मान हलवते. पण आधी तिला दोघांना सुखरूप रोमबाहेर जाण्याचा लेखी परवाना हवा असतो. आधी कागद, मग बाकीचं! बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने इथे टाळी द्यावी अशी जागा आहे. दुर्दैव एवढंच, की परवाना अस्सल असला तरी चेक वटणारा नव्हता. खोटा गोळीबार करण्याचं वचन दिलेला स्कार्पिया खऱ्या गोळीबाराचाच हुकूम देऊन बसला आहे. हे तिला कळेल तेव्हा तिसरा अंक चालू असेल.

या धामधुमीतच त्या अंकाचं प्रसिद्ध गाणं येतं. मी कुणाचं वाईट केलं नाही, देवाला फुलं वाहिली, मग माझ्या वाट्याला हे का, असा त्याचा भाव. गाण्याने नाट्य थांबतं अशी कुरकुर खुद्द पुचिनीचीही होती म्हणतात. संगीत नाटकावरचा हा आक्षेप आपण लहानपणापासून ऐकतो. नायिका संकटात आहे आणि गाते कसली? कॅलसचं गाणं पाहिलं की हा प्रश्न गळून पडतो. हिच्या हातात दुसरं काही उरलेलंच नाही, म्हणून ती गाते.

आवाजाबद्दल खरं ते सांगायला हवं. चाळिशीतच तिचा आवाज थकला होता. वरच्या पट्टीत स्वर कापतो, क्वचित किंकाळीसारखा लागतो. गोडव्याचे भोक्ते इथे नाक मुरडतील. मला विचाराल तर या अंकात गोड आवाज शोभलाच नसता. आणखी एक गोष्ट अशी, की कॅलसची दृष्टी फारच अधू होती. रंगमंचावर चष्म्याशिवाय तिला वाद्यवृंदाच्या संचालकाची छडी धड दिसत नसे. सगळं संगीत पाठ करून ती अंदाजाने वावरायची. हे कळल्यावर कॅसेट पुन्हा पाहिली. तिचा हात टेबलाच्या कडेवरून सरकतो तो आता वेगळाच वाटला.

पुढच्याच वर्षी, जुलै १९६५ मध्ये, तिथेच याच भूमिकेत ती शेवटची ऑपेरात उभी राहिली. १९७७ मध्ये गेली. एवढी मोठी गायिका, पण तिचा एकही ऑपेरा अथपासून इतिपर्यंत चित्रित झालेला नाही. 'टोस्का'चा हाच अंक १९५८ साली पॅरिसलाही टिपला गेला होता. बाकी तुकडे आणि ध्वनिमुद्रिका.

इथे मला बालगंधर्व आठवतात आणि जीव हळहळतो. त्यांचा आवाज तबकड्यांवर आहे. १९३५च्या प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषभूमिकेत. १९३७च्या 'साध्वी मीराबाई'त मीरा झाले, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पण 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू? ज्यांच्या साडी नेसण्याची घरोघरच्या बायकांनी नक्कल केली, त्या भूमिकांचा एक सबंध अंकही कॅमेऱ्याने धरून ठेवला नाही. २०११च्या चित्रपटात सुबोध भावे यांनी ते रूप मन लावून उभं केलं, आनंद भाटे यांनी गळा दिला. पण ती शेवटी आठवणींवरून काढलेली तसबीर.

योगायोग पाहा. लंडनला हे चित्रण झालं त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६४ मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. बालगंधर्व तेव्हा हयात होते. त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली होती. १९६८ साली ते उघडलं तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. इमारत आपण बांधली. आणि आता आमच्याकडेही प्रेक्षागृहांना तोटा नाही. चिंचवडचं रामकृष्ण मोरे आहे, पिंपरीचं अत्रे रंगमंदिर आहे, २०२४च्या जानेवारीत शंभरावं नाट्यसंमेलनही इथेच झालं. संगीत नाटकाचा प्रयोग लागला की एखादा मोबाइल उंचावतो, एक पद टिपतो आणि खाली येतो. दोन कॅमेरे लावून सबंध अंक टिपून ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. लग्नाच्या चित्रीकरणाहून तो जास्त भरला नाही.

पदं वाचतील, मधल्या जागांचं काय? पद संपल्यावर सिंधू कशी उभी राहायची, पदर कुठे धरायची, हे तबकडी सांगत नाही. कॅलसचं मात्र दिसतं. म्हणून गाण्याहूनही शेवटची काही मिनिटं नीट पाहा. स्कार्पिया परवाना लिहायला वळला आहे. ती वाइनचा पेला घ्यायला टेबलाशी येते, आणि ताटाजवळची सुरी तिला दिसते. काही क्षण नुसती पाहत राहते. खून झाल्यावर एक वाक्य ती जवळपास बोलल्यासारखं, एकाच स्वरावर म्हणते. बोटं पुसते. कागद शोधते, तो मेलेल्या माणसाच्या मुठीत सापडतो. जायला निघते आणि थबकते. ही देवभोळी बाई आहे. दोन मेणबत्त्या आणून ती प्रेताच्या दोन बाजूंना ठेवते. भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. एवढ्यात लांबून ताशा वाजतो. ती दचकते, आणि आवाज न करता दाराबाहेर जाते.