मे महिन्यातली शाळा

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना मे महिन्याची गोष्ट काढणे थोडे अवेळीच झाले. पण अलीकडे मे महिना दिवाळीतच सुरू होतो, त्याला माझा इलाज नाही. सहामाही परीक्षा संपते न संपते तोच शेजारच्या वहिनी विचारू लागतात, "उन्हाळ्यात बंड्याला कशात घालायचे ठरवले?" मार्च उजाडला की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके गळू लागतात; आता तर ती खिशातल्या फोनवरही येऊन पडतात. वैदिक गणित, अ‍ॅबॅकस, इंग्रजी संभाषण, यंत्रमानव बनवा, दहा दिवसांत वक्ते व्हा! चिरंजीवांना नाही तर कन्येला कशात तरी 'घातले' की आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. हे 'घालणे' क्रियापद मोठे बोलके आहे. उन्हाळ्यात आपण लोणचे घालतो, पापड वाळत घालतो, तशी मुलेही घालतो. मुरतील तेव्हा मुरतील!

थट्टा पुरे. सुट्टीत मुलांना शाळेपेक्षा काही वेगळे, काही अधिक मिळावे ही इच्छा वाईट नाही, आणि नवीही नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली ती १८७५ साली. ती मोठ्यांसाठी खरी. पण ऐन उन्हाळ्यात ज्ञानाची पाणपोई घालण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे तिच्यावरून दिसते. मुलांपुरते बोलायचे तर त्यांचा उन्हाळी वर्ग फार दिवस आजोळीच भरत होता. मामा पोहायला शिकवी, आजी पाढे म्हणून घेई, आणि चिंचेच्या झाडावर वनस्पतिशास्त्राचा तास होई. एकत्र कुटुंबे फुटली, आजोळेही शहरात येऊन दोन खोल्यांत बसली, आणि मामाची जागा पत्रकांनी घेतली.

प्रश्न विचारा, सही घ्या

शाळेच्या चौकटीबाहेर बुद्धिमान मुलांना काही अधिक द्यावे, या विचाराने आप्पा पेंडशांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिची स्वतःची प्रशाला निघाली ती पुढे १९६९ साली. आधीची वर्षे हे काम शाळेला जोड म्हणूनच चालले होते. याच पुण्यात १९८८ साली 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली. डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. त्या संस्थेने पुण्यातल्या शाळांच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी सुट्टीतला एक उपक्रम सुरू केला, त्याची रीत मला फार आवडते. मुलांनी आठवडाभर संस्थेत यायचे, एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक छोटे काम करायचे आणि शेवटी त्यावर टिपण लिहून द्यायचे. ठरीव अभ्यासक्रम नाही आणि परीक्षाही नाही!

नारळीकरांची आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. मुले सहीसाठी वही पुढे करीत, तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही येईल. सही हवी तर आधी प्रश्न सुचला पाहिजे! २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची ही अट मात्र प्रत्येक उन्हाळी वर्गाच्या दारावर लावण्याजोगी आहे.

याच आयुकेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कित्येक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी भूमिती हातात आणून दिली. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबताच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. हे एकदा बोटांना कळले की घराच्या आढ्याखाली कैच्या त्रिकोणीच का असतात, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

सुट्टीची घसरण

आता दुसरी बाजू. शिष्यवृत्ती परीक्षा, बालवैज्ञानिक स्पर्धा ही सारी चांगल्या हेतूने निघालेली कामे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने डॉ. होमी भाभांच्या नावाची स्पर्धा १९८१ साली सुरू केली ती सहावी आणि नववीच्या मुलांत शोधक वृत्ती यावी म्हणून. पण आपण इतके कर्तबगार, की शोधक वृत्तीचीही शिकवणी काढली! मे महिन्याचे कित्येक वर्ग म्हणजे जूनचाच अभ्यास आधी उरकण्याची सोय झाली आहे. मूल जूनमध्ये शाळेत जाते तेव्हा त्याला धडा पाठ असतो आणि कुतूहल शिळे झालेले असते.

"पण सुट्टीत मुले सगळे विसरतात त्याचे काय?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. तिकडच्या लांबलचक उन्हाळी सुट्टीत मुले सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे येतात आणि गणितात ही घसरण अधिक असते, असे त्यांना आढळले. वाचनाची गोष्ट निराळी निघाली. मध्यमवर्गीय मुलांचे वाचन सुट्टीत बिघडले नाही, उलट किंचित सुधारले. मागे पडली ती गरिबाघरची मुले. ही घसरण मोजण्याच्या पद्धतीवर पुढे काही संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. तरी वाचनाविषयीच्या त्या निष्कर्षाने मी विचारात पडलो. ज्याच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत, त्याच्यासाठी मे महिन्यात गल्लोगल्ली वर्ग. आणि ज्याच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरावाचून छापील कागद नाही, त्याच्यासाठी एकही नाही.

उंब्रजची ओसरी

याच विचाराने काही वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी गावी एक पंधरवड्याचा वर्ग भरवला. माझे गाव उंब्रज. साताऱ्याहून कराडकडे निघाले की हमरस्त्यावर लागते. तारळी इथे कृष्णेला मिळते, आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे आहे. एका शाळेच्या ओसरीवर सकाळी आठ ते दहा वर्ग भरे. दहानंतर पोरांना घरची कामे असतात, म्हणून वेळ तीच. पाचवी ते आठवीची बत्तीस मुले आली. त्यांत दहाएक पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली, बाकीची गावची. फी नव्हती. खर्च झाला तो कागद, दोरा, आगकाड्या आणि गूळ-शेंगदाण्यांचा.

मी मराठीचा माणूस, म्हणून माझी अट एकच: पाठ्यपुस्तकात नाही असा एक शब्द रोज घरून आणायचा. पहिल्या दिवशी 'गोठा', 'दावण' असे आले. तिसऱ्या दिवशी एक सातवीतली मुलगी, कडेवर धाकटा भाऊ घेऊन, सहा शब्द घेऊन आली: मोट, नाडा, सोंदूर, थारोळे, पाट, धाव. सगळे तिच्या आजोबांनी दिलेले. विहिरीवर इंजिन आल्यापासून त्यांची मोट सुटली, पण शब्द सुटले नव्हते. तीन वर्षांचा भाऊ काही पाचवीत नव्हता. पण त्याला बाहेर ठेवले असते तर तीही बाहेर राहिली असती. तेव्हा त्यालाही एक आगकाडी आणि गुळाचा खडा दिला.

चौथ्या दिवशी आम्ही आजोबांनाच बोलावले. मोटेला दोर दोन का, असे मुंबईच्या एका मुलाने विचारले. आजोबा हसून म्हणाले, "करून बघा की!" मग काय, कागदी पेल्याची मोट, दोऱ्याच्या रिळाचे चाक आणि काड्यांचा सांगाडा उभा राहिला. पेला वर आला, पण थारोळ्यात रिकामा होईना; सगळे पाणी परत विहिरीत! दोन दिवस असेच गेले. शेवटी कोणी फुग्याचे बूड कापून त्याला सोंड केली आणि सोंडेच्या तोंडाला दुसरा बारीक दोरा बांधला. तेव्हा गुपित उलगडले. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेचे तोंड वर धरून ठेवतो, म्हणून पाणी सांडत नाही. नाडा मोटेला वरच्या चाकापाशी ओढतो, तोवर सोंदूर सोंड खालच्या रोळावरून थारोळ्यात घेतो, आणि पाणी आपसूक पाटाला लागते. बैलांखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. ज्या कोणा अनामिक माणसाला हे पहिल्यांदा सुचले, त्याला पदवी नव्हती.

आणि त्या मुलीने आणखी एक टिपले. बैल ज्या उतारावरून मोट ओढत जातात तीही धाव, आणि गाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टीही धाव. "सर, दोन्ही धावण्याचीच ना?" वर्गात पदवीच्या मुलांना शब्दार्थाचे बदल शिकवताना मी यापेक्षा चांगले उदाहरण दिलेले नाही.

एका बापाचा प्रश्न

सहाव्या दिवशी एक शेतकरी पालक ओसरीशी येऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहून म्हणाले, "सर, खेळ झ्याक हाय. पण स्कॉलरशिपचा पेपर कधी सोडवून घेणार? तुमच्या पोरास्नी परीक्षा न्हाय दिली तरी चालतंय. माझ्या पोराला परीक्षाच वर काढणार."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. परीक्षेच्या नावाने नाक मुरडणे आम्हाला परवडते, कारण आमच्या मुलांना वर जायला दुसरेही जिने आहेत. त्याच्यापुढे एकच शिडी आहे. १९१९ साली याच कराड तालुक्यात, काले गावी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती अशाच घरांसाठी. मी त्यांना एवढेच दाखवले, की एका मोटेत किती घागरी पाणी मावेल, आणि वाफा भिजवायला किती मोटा लागतील, हे गणित मुले तेव्हा मांडत होती. त्यांनी वाकून पाहिले. "घागरी कमी धरल्या तुम्ही," म्हणाले, आणि आकडा दुरुस्त करून गेले. मुलगा आणखी तीन दिवस आला, मग त्याला कराडच्या शिकवणीला पाठवले. मी त्यांना दोष देत नाही. त्या मुलाला दोन्ही मिळावे, एवढेच आमच्या हाती आहे आणि तेवढे आम्ही अजून करू शकलेलो नाही.

शब्दवाली मुलगी शेवटचे दोन दिवस आली नाही. आई उसाच्या भांगलणीला जात होती आणि घर तिच्यावर होते. समारोपाला तिचा भाऊ एकटाच आला, हातात वही घेऊन. तीत एक्केचाळीस शब्द होते.

मग वर्ग निवडावा कसा?

वाचकांतले आईबाप विचारतील म्हणून सांगतो. पैसे भरण्यापूर्वी वर्ग चालवणाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. तिथे प्रश्न कोण विचारतो, गुरुजी की मुले? चुकलेली गोष्ट पुन्हा करून पाहायला वेळ आहे, की रोज नवा धडा? आणि मूल शेवटी घरी काय आणते, स्वतः केलेली वस्तू की छापील प्रमाणपत्र? उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल पाठवावे. नसतील तर त्याच पैशांत चार चांगली पुस्तके येतात. पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत भिलारला उतरा. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले आहे आणि तिथे घराघरांत मुलांना पुस्तक हातात घेऊन बसता येते. कराडकडे नातलग असतील तर संजय पुजारी यांनी उभारलेले कल्पना चावला विज्ञान केंद्र मुलांना दाखवा. आणि आपले मूल गावी सुट्टीला जाणार असेल, तर त्याच्याबरोबर दोन पुस्तके जास्तीची द्या, गावच्या मुलांत ठेवून येण्यासाठी.

मे महिना अजून लांब आहे. आज अंगणात किंवा इमारतीच्या कोपऱ्यात मुले दिवाळीचा किल्ला करीत असतील. बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत असेल, तटावर पेरलेले आळीव उगवले की नाही यावर वाद चालला असेल. त्यांना हाक मारून फराळाला बोलवा. पण बुरूज कसा बांधावा, हे मात्र इतक्यात सांगू नका.