आयत्या वेळच्या विनोदाचें शिक्षण

विनोदबुद्धि ही जन्मजात देणगी असून ती शिकवून येत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. संहिता हातीं नसतां रंगभूमीवर उभें राहून प्रसंगामागून प्रसंग रचीत जाणें तर एखाद्या विरळ्यासच साधावयाचें, असें आपण मानतों. ही समजूत चुकीची आहे, याचा पुरावा बल्लारपूरकरांस दूर शोधावयास नको. येथून गोंदियाकडे जाणाऱ्या आगगाडीनें निघालें म्हणजे वाटेंत वडसा लागतें. झाडीपट्टींतील नाटकमंडळ्यांचें हें माहेरघर. धानाची कापणी आटोपली कीं, रात्रभर चालणारीं नाटकें घेऊन त्या गांवोगांव जातात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट श्री. परशुराम खुणे यांनीं ५,००० हून अधिक प्रयोगांत सुमारें ८०० भूमिका केल्या. २०२३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

याच मुलखांतील खडी गंमत हा लोकनाट्याचा प्रकार आपल्या विषयाशीं अधिक जवळचा आहे. शाहीर, ढोलकी, स्त्रीवेष घेतलेला पुरुष आणि सोंगाड्या एवढाच तिचा संसार. गाणीं ठरलेलीं, मधलें गद्य मात्र बहुतेक आयत्या वेळीं सुचलेलें. सुशिक्षित घरांनीं तिला ग्राम्य म्हणून नाक मुरडलें. पण तिच्यांतील विद्या मोठी आहे. सातासमुद्रांपलीकडे शिकागो शहरांत व्हायोला स्पोलिन या बाईंनीं नाट्यशिक्षणासाठीं खेळ रचले, त्यांवर १९५९ सालीं 'सेकंड सिटी' ही संस्था उभी राहिली. आणि डेल क्लोज यांनीं प्रेक्षकांच्या एका शब्दावरून अनेक प्रसंग गुंफण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे नियम आणि आमच्या सोंगाड्याची रीत यांत आश्चर्यकारक साम्य आहे.

पहिला नियम, सोबत्याचें बोलणें मान्य करावें. समजा, गवळणींत पेंद्या म्हणाला, "मावशी, आज मथुरेचा बाजार भरलाच नाहीं!" मावशीनें "भरला आहे" असें म्हटलें, तर गोष्ट तेथेंच खुंटली. पण ती म्हणाली, "म्हणूनच मीं दूध घरीं पिऊन टाकलें", तर गोष्ट चालूं लागली. "मग मडक्यांत काय?" "उद्यांचें दूध!" येथें विसंगति सांपडली. दुसरा नियम, सांपडलेली विसंगति सोडूं नये; तीच क्रमानें वाढवावी. उद्यांच्या दुधास कालचे पैसे, आणि त्यावर परवांची जकात! तिसरा नियम, आठवण ठेवावी. तासाभरानें वगांतल्या राजाचा खजिना रिता निघाला आणि प्रधान म्हणाला, "महाराज, परवांची जकात अजून यावयाची आहे", कीं मंडप हंसलाच. चौथा नियम सर्वांत अवघड, हंसूं मिळविण्याची घाई करूं नये. पात्रानें आपलें म्हणणें मनापासून खरें मानावें.

हें सारें कुटुंबांत कशासाठीं, असें कोणी विचारील. एकत्र कुटुंबांत बोलणारे थोडे आणि ऐकणारे फार, अशी स्थिति पुष्कळदां असते. थट्टा होते, पण ती बहुधा नव्या सुनेची, अडखळत बोलणाऱ्या मुलाची, नाहींतर न कमावत्या दिराची. हा विनोद नव्हे. हें बलवंताचें मनोरंजन होय. सोंगाड्या राजाच्या व प्रधानाच्या चुका काढतो, दुबळ्याच्या व्यंगावर हंसत नाहीं, तोंवरच त्याच्या जिभेला मान असतो.

यासाठीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आजीबाईंनीं एक शब्द द्यावा. सासू-सून किंवा काका-पुतणे यांनीं उठून पांच मिनिटें प्रसंग रचावा. दोनच अटी असाव्या: कोणाचें वाक्य तोडावयाचें नाहीं आणि घरांतल्या कोणाच्या व्यंगाकडे बोट दाखवावयाचें नाहीं. पहिले चार दिवस फजीती होईल, ती होऊं द्यावी. ज्या घरांत धाकट्याचें वाक्य थोरला उचलून पुढें नेतो, त्या घरांतील अबोल मूल फार दिवस अबोल राहत नाहीं.